गाढवाच्या खुंट्याची नोंद

आमच्या ग्रंथालयात बागकामाची सात हजार पुस्तकं आहेत आणि अंगणात एक झाड. पूर्वी हे उलट होतं. शाहीन पाशाच्या हवेलीभोवती अकरा फद्दान, म्हणजे अकरा-साडेअकरा एकर, बाग होती आणि हवेलीत पुस्तकांचं एकच कपाट. मग बाग तुकड्यातुकड्यानं विकली गेली, तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, आणि बागकाम मंडळानं हवेलीचा तळमजला घेऊन गेलेल्या बागांचे कागद जमवायला सुरुवात केली. कैरोत एखादी बाग मेली की तिचे कागद आमच्याकडे येतात. त्यामुळे संग्रह दर वर्षी वाढतोच आहे.

मी हिल्मी. सव्वीस वर्षं इथली यादी, चाव्या आणि वाळवी सांभाळतो. आठवड्याला तीन वाचक येतात. त्यातला एक पंख्याखाली झोपायला येतो, पण सही वाचक म्हणूनच करतो, आणि वर्षाच्या अहवालात आम्हीही त्याला वाचक म्हणूनच मोजतो.

आमच्या प्रमुख दोक्तोरा इनायात सिदहुम. वय अठ्ठावन्न, अंगानं काटकुळ्या, चष्मा गळ्यात दोरीला. या शहरात कुठलं झाड कुठल्या साली कुठून आलं हे त्यांना तोंडपाठ. आणि खोटं त्यांना खपत नाही. लोकांना आपल्या झाडांविषयी खोटं बोलायला फार आवडतं, म्हणून दोक्तोरांना कधी काम कमी पडलं नाही.

सात वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका क्लबानं आपल्या उंबराचा चारशेवा वाढदिवस केला. झाडाच्या आकाराचा केक होता. दोक्तोरांना चार शब्द बोलायला बोलावलं, आणि त्या पिशवीतून रोपवाटिकेची पावती घेऊन गेल्या. उंबर एकोणीसशे एकावन्न साली कुंडीतून आला होता. त्यांनी ती पावती माईकवरून तारखेसकट वाचली. क्लबाचे अध्यक्ष शौकत बे यांनी तोवर सुरी केकमध्ये घातलेली होती. केक सगळ्यांनी खाल्ला, पण कोणी कोणाशी बोललं नाही. हे शौकत बे पुढे शहराच्या वारसा-वृक्ष समितीचे अध्यक्ष झाले, हे इथे सांगून ठेवलेलं बरं.

आमच्या अंगणातलं झाड म्हणजे वड. आमच्याकडे त्याला हिंदी अंजीर म्हणतात. त्याच्या पारंब्यांत उम्म लुत्फीची चहाची गाडी असते. ती तिथे माझ्याही आधीपासून आहे. गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी मी आलो तर वडाच्या बुंध्यावर लाल रंगात चौदा आकडा रंगवलेला, आणि एक चाळिशीचा माणूस हातात टेप घेऊन पारंब्या मोजत उभा. उम्म लुत्फी त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाशमुहंदिस, हे झाड कुणी लावलंय माहीत आहे का तुम्हाला?"

"मावशी, मला फक्त घेर विचारलाय," तो म्हणाला. त्याचं नाव वगदी, रस्त्याच्या कामावरचा इंजिनिअर. रस्त्याच्या नव्या उतारासाठी चौदा झाडं जाणार होती आणि आमचं शेवटचं होतं.

"राजकन्या गुलबहारनं. आपल्या हातानं. ज्याच्यावर तिचा जीव होता तो बोटीनं हिंदुस्थानात गेला आणि तिकडून त्यानं हे रोप पाठवलं. ती रोज रडायची आणि त्या पाण्यावर हे वाढलं."

"गेल्या महिन्यात तो बोटीवर तापानं मेला होता," मी म्हणालो.

"तो आधी रोप पाठवून मग मेला," उम्म लुत्फी म्हणाली. "तुम्ही आत जा, उस्ताद हिल्मी, पुस्तकं मोजा."

वगदीनं वहीत काही लिहिलं नाही, पण चहा घेतला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ऐतिहासिक झाड असेल तर सूट मिळते. समितीकडे दहा दिवसांत अर्ज करा. कोणी लावलं, कधी, पुरावा काय. तुमच्याकडे तर पुराव्यांचं गोदामच आहे."

दोक्तोरा ऐकून खूश झाल्या. आयुष्यभर त्यांनी इतरांची झाडं तपासली होती, आणि अंगणातल्या झाडाचे कागद काढायला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी शाहीन पाशाच्या बागेची रोजनिशी मागवली. मुख्य माळी बार्तोली नावाचा इटालियन होता. तो रोज संध्याकाळी मोडक्यातोडक्या अरबीत दिवसाचं काम लिहायचा आणि त्यात हाताखालच्या माणसांची गाऱ्हाणीही. अशा चौदा वह्या. तीन दिवस दोक्तोरा वाचत होत्या आणि मी पानं उलटायला ओला स्पंज धरून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चष्मा काढला.

"हिल्मी, राजकन्या गुलबहार कधी जन्मली?"

"अठराशे ब्याण्णव."

"मग हे ऐक."

अठराशे चौऱ्याण्णव, मार्च. 'अब्दुल मुगीसनं गाढव बांधायला शेजारच्या बागेतली वडाची ओली फांदी तोडून जमिनीत ठोकली. मी म्हटलं होतं, वाळलेलं लाकूड घे. ऐकत नाही.' त्याच वर्षी मे. 'खुंट्याला पानं फुटली. उपटायला सांगितलं.' ऑक्टोबर. 'खुंटा अजून तिथेच. अब्दुल मुगीस म्हणतो, उद्या.' पुढच्या वर्षी. 'खुंटा माझ्या डोक्याच्या वर गेला. गाढव त्याच्या सावलीत उभं राहतं आणि हलत नाही. आज अब्दुल मुगीसही हलला नाही.' असं सहा वर्षं. दोक्तोरांनी मोजलं, खुंटा उपटायचा हुकूम अकरा वेळा निघाला होता. आणि शेवटी, एकोणीसशे साली: 'आज पाशासाहेबांनी विचारलं, हे सुंदर झाड कोणाचं काम. मी म्हटलं, माझं.'

मी हसलो. दोक्तोरा हसल्या नाहीत. त्यांचे डोळे मात्र असे चमकत होते की मला काळजी वाटायला लागली.

"दोक्तोरा," मी म्हटलं, "अर्जात राजकन्याच लिहू या."

"ती दोन वर्षांची होती."

"समितीला कुठे माहीत आहे? याच्या उलट पुरावा जगात कुणाकडे आहे?"

"माझ्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "आणि हिल्मी, तू सव्वीस वर्षं इथे काय शिकलास?"

"पुरावा सापडला नाही तर तो नसतो, हे शिकलो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्पंज पिळायला लागलो.

आता मी जे केलं ते सांगतो, कारण लपवून काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी त्या यायच्या आधी मी ती वही उचलली आणि कीटकनाशकांच्या कपाटात, खालच्या खणात, जर्मन जाहिरातींच्या मागे ठेवली. ग्रंथालयात पुस्तक जाळायची गरज नसते. चुकीच्या जागी ठेवलं की दोन पिढ्या सापडत नाही. दोक्तोरा आल्या, टेबल पाहिलं, मला पाहिलं, आणि सरळ कीटकनाशकांकडे चालत गेल्या.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुला लाज वाटली की तू बोटांनी मान खाजवतोस, आणि तुझ्या बोटांना त्या कपाटातल्या गंधकाचा वास येतोय."

त्या रागावल्या नाहीत, हेच मला लागलं. वही पुसून त्यांनी माझ्याच हातात दिली आणि म्हणाल्या, "झाड मलाही हवंय. पण मी एकदा असं लिहिलं तर आजवर जे जे लिहिलं त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

मला वाटलं, दोक्तोरा, आजवरचं तरी कोण वाचतंय.

समितीच्या छापील अर्जात तीन रकाने होते. 'वृक्ष कोणी लावला, नाव व पदवी': दोक्तोरांनी लिहिलं, अब्दुल मुगीस, गाढववाला. 'प्रसंग': गाढव बांधणे. 'पुरावा': रोजनिशी, सोबत नक्कल. खाली त्यांनी अडीच पानांची टिप्पणी जोडली की या शहरात इतक्या सविस्तर कागदांसह जन्मलेलं दुसरं झाड नाही, आणि म्हणूनच ते ऐतिहासिक आहे. टिप्पणी खरोखर सुंदर होती. मी ती टंकली, म्हणून मला माहीत. समितीतल्या कोणी वाचली असेल असं वाटत नाही.

सुनावणीला आम्ही दोघं गेलो. लांब टेबल, सात माणसं, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. मध्ये शौकत बे. त्यांनी अर्ज लांब धरून मोठ्यानं वाचला आणि 'गाढव बांधणे' या शब्दांशी थांबले.

"दोक्तोरा इनायात," ते म्हणाले, "सगळं शहर म्हणतं हे झाड राजकन्येनं लावलं. मी स्वतः लहानपणापासून ऐकत आलोय. तुम्ही म्हणता गाढव."

"मी म्हणत नाही, बे. बार्तोली म्हणतो."

"म्हणजे तुमच्याच कागदानुसार हे झाड कोणी लावलंच नाही."

"ठोकलं. लावलं नाही."

"आणि आमच्या यादीत लावलेली झाडं असतात." त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि तळहातानं हळूच सपाट केला. सात वर्षांपासून पोटात राहिलेला केक आता कुठे पचत होता. "तुमच्या प्रामाणिकपणाचा आम्हाला आदर आहे. या वेळी तो तुम्हालाच महाग पडला, याचं वाईट वाटतं."

"झाडाला पडला, बे. मला नाही."

बाकीचे सहाजण हसले, कोणाला ते कळलं नाही. सूट नाकारली.

परतताना मायक्रोबसमध्ये दोक्तोरा खिडकीशी बसल्या होत्या. मी काही बोलायला जात होतो, पण त्यांनी हात वर केला. गिझा चौक येईपर्यंत हात तसाच होता. मग म्हणाल्या, "अकरा वेळा हुकूम निघाला आणि तरी ते वाचलं. बाराव्यांदा तो माझ्यामुळे निघाला."

मी म्हटलं असं काही नाही. पण ते तसंच होतं आणि दोघांनाही माहीत होतं.

झाड त्या आठवड्यात तोडायचं होतं. तोडलं गेलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. बाकी तेरा झाडं गेली. आमच्या रस्त्याच्या टोकापर्यंत बुंधे पडले होते, आणि तिथून पुढे काम थांबलं. तिसऱ्या आठवड्यात वगदी चहाला आला तेव्हा मी विचारलं.

"करवत बिघडलीय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तुमचा अर्ज नाकारल्यापासून." त्यानं पेल्यातला पुदिना बोटानं खाली दाबला. "दुरुस्तीला पाठवायचीय. कागद टेबलावर आहे. पाठवतो म्हणतोय. उद्या."

उम्म लुत्फीनं त्याच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. त्या गाडीवर असं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दरम्यान मी तिला गाढवाची हकीकत सांगून बसलो होतो. तिला आधी राग आला, राजकन्या सोडायला ती तयार नव्हती. पण चार दिवसांत गाढव तिच्या तोंडी बसलं. गाढवाला नाव मिळालं, अब्दुल मुगीसला भांडखोर बायको मिळाली, आणि बार्तोली त्या बायकोवर भाळलेला होता असंही निघालं. एक वार्ताहर चहा प्यायला थांबला आणि अर्धा तास ऐकत राहिला. रविवारच्या अंकात अर्ध्या पानाचा मजकूर आला: खुंटा जो झाड झाला. सोबत उम्म लुत्फीचा फोटो. ग्रंथालयाचं नाव नव्हतं.

मग लोक यायला लागले. शाळांच्या बस आल्या. विद्यापीठातल्या मुलींनी पारंब्यांना चिठ्ठ्या बांधल्या. एक माणूस शहराबाहेरून स्वतःचं गाढव घेऊन आला आणि तासभर झाडाखाली उभा राहून गेला. टीव्हीवाल्यांनी कोणाला तरी विचारलं की असं झाड शहर तोडणार आहे का, आणि त्या कोणीतरी ते शौकत बे यांना विचारलं. शौकत बे कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "हे झाड तोडायचा विचार कधीच नव्हता." त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटतं, त्यांना ते खरंच वाटत असावं.

एप्रिलच्या शेवटी झाडाला सूट मिळाली. मे महिन्यात पितळी पाटी लागली. शौकत बे आले, फीत कापली, भाषण केलं. दोक्तोरांना दुसऱ्या रांगेत खुर्ची होती. पडदा बाजूला झाला आणि आम्ही वाचलं:

'राजकन्या गुलबहार यांनी आपल्या लाडक्या गाढवाच्या स्मरणार्थ हा वृक्ष स्वहस्ते लावला. वृक्षाचे जतन शौकत बे यांच्या पुढाकाराने.'

समितीत म्हणे दोन तट पडले होते. एकाला राजकन्या हवी होती, दुसऱ्याला वर्तमानपत्रातलं गाढव. चार बैठकांनंतर तडजोड झाली.

मी दोक्तोरांकडे बघायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेबलावर दुरुस्तीचा अर्ज लिहूनच बसल्या होत्या. सात मुद्दे, प्रत्येकाला वहीचं पान. आम्ही पुन्हा समितीच्या कचेरीत गेलो. या वेळी शौकत बे भेटले नाहीत. एक पोक्त कारकून भेटला, नाझिम नावाचा, भला माणूस. त्यानं अर्ज पूर्ण वाचला. आमच्या आयुष्यात आमचा कागद पूर्ण वाचणारा सरकारी माणूस तो पहिलाच.

"दोक्तोरा, तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर असेल," तो म्हणाला. "पण पाटी आणि सूट एकाच फाइलीत आहेत. पाटीवरचा मजकूर चुकीचा ठरला तर सूट ज्या कारणानं दिली ते कारण गेलं. फाइल पुन्हा उघडेल."

"मग उघडा."

"उघडली की झाड पुन्हा जुन्या यादीवर जातं. चौदा नंबर." त्यानं अर्ज आमच्याकडे वळवून ठेवला. "आणि त्यांची करवत आता दुरुस्त झालीय म्हणतात."

मी या बाईंना कागदांसाठी मंत्र्यांशी भांडताना पाहिलंय, जाहीर सभेत एकट्या उभ्या राहताना पाहिलंय. त्या दिवशी त्यांनी अर्जाची कडा अंगठ्यानं दोनदा घासली, जणू कागद कुठल्या गिरणीचा ते बघत होत्या. मग तो उचलला, चार घड्या घातल्या आणि पिशवीत टाकला.

"माझा अर्ज नाही," त्या नाझिमला म्हणाल्या. "चुकून आलो."

"अल्लाह तुम्हाला सुखी ठेवो," नाझिम म्हणाला, आणि उभं राहून आम्हाला दारापर्यंत सोडायला आला.

ग्रंथालयात परतल्यावर त्यांनी माझ्याकडे यादीचं कोरं कार्ड मागितलं. बार्तोलीच्या वहीचं कार्ड आमच्याकडे होतंच, त्यावर नुसतं 'बागेची रोजनिशी, इटालियन माळी' असं होतं. नव्या कार्डावर त्यांनी बारीक अक्षरात खुंट्याच्या सगळ्या तारखा लिहिल्या, अकरा हुकूम लिहिले, पाशाला दिलेलं उत्तर लिहिलं. खाली जागा उरली तिथे: 'अंगणातल्या पाटीवरील मजकुरास आधार नाही.' मग आणखी एक ओळ घातली: 'याबाबत ग्रंथपालांनी तक्रार केलेली नाही.'

"ही ओळ कशाला, दोक्तोरा?"

"खरी आहे म्हणून."

मी कार्ड खणात लावलं. तो खण त्यानंतर माझ्याशिवाय कोणी उघडलेला नाही. बाहेर अंगणात रोज माणसांची गर्दी असते आणि आत येतात ते बहुतेक हात धुवायची सोय विचारायला. त्यांनाही आता आम्ही सही करायला लावतो, त्यामुळे यंदाचा अहवाल चांगला दिसेल.

दोक्तोरा पूर्वी चहा आत मागवायच्या. आता दुपारी दोनला कुलूप लावलं की त्या उम्म लुत्फीच्या गाडीपाशी, पारंब्यांतल्या बाकावर बसतात. पहिल्या दिवशी मला धडकी भरली होती, कारण उम्म लुत्फी तेव्हा मन्सूरातून आलेल्या कुटुंबाला राजकन्या आणि गाढव दोघांची एकत्र गोष्ट सांगत होती. पाटी लागल्यापासून तिनं दोघांना एकत्र नांदवलं होतं.

"आणि तो जेव्हा म्हातारा झाला," ती सांगत होती, "तेव्हा राजकन्या त्याला आपल्या हातानं बरसीमचा चारा भरवायची."

"गाढवी," दोक्तोरा म्हणाल्या.

उम्म लुत्फी थांबली. कुटुंबानं वळून पाहिलं.

"काय म्हणालात?"

"तो नव्हता, ती होती. अठराशे सत्त्याण्णवच्या जूनमध्ये व्याली. वहीत आहे. तीन दिवस कामाला आली नाही."

उम्म लुत्फीनं विचार केला. किटली खाली ठेवली आणि ओल्या हातांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"आणि ती जेव्हा व्याली," ती त्या कुटुंबाला म्हणाली, "तेव्हा राजकन्या तीन दिवस तिच्या उशाशी बसून होती."

दोक्तोरांनी पेला तोंडाला लावला आणि हू की चू केलं नाही. चहा फार गरम होता असं त्या नंतर मला म्हणाल्या.